मोडक्या कानांचा खलाशी

महाराष्ट्राच्या सागरी इतिहासात कोल्हापूरचं नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहावं लागेल, यात शंका घेण्याचं कारण नाही. कोल्हापूर आणि समुद्र यांच्या मधे अख्खा सह्याद्री आडवा पडला आहे, शहराचं आरमार रंकाळ्यातल्या पायडलच्या होड्यांपाशी संपतं, आणि शिवाजी पेठेतल्या निम्म्या पुरुषांनी भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पेपरात पाहिलेली आहे, हे खरं. पण इतिहास अशा किरकोळ तपशिलांत अडकत नाही. शिवलिंगआण्णा तोडकरही अडकले नाहीत.

आण्णांची उद्यमनगरात फाउंड्री होती. पोटासाठी ते पंपाचे सुटे भाग ओतत आणि हौसेसाठी पुतळे. जिल्ह्यात दूध संघ, साखर कारखाने आणि पतसंस्था भरपूर, त्यामुळे संस्थापक भरपूर, आणि संस्थापक म्हटला की त्याचा अर्धपुतळा आलाच. संस्थापक छातीपर्यंतच बसवायचा, हा सहकाराचा अलिखित नियम होता. टोपी, चष्मा, जाकिटाची बटणं, संपला माणूस. वीस वर्षं आण्णांचा कमरेखालच्या माणसाशी संबंध आला नव्हता.

एकदाच आला. एका शिक्षणमहर्षींचा उभा, पूर्ण, पायांसकट पुतळा त्यांनी ओतला आणि तो शहरातल्या एका चौकात रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आण्णा रोज सायकलवरून मुद्दाम तिकडून जात. वर्षभरातच तो रस्ता वन-वे झाला, तोही उलट्या बाजूनं. त्या दिवसापासून साऱ्या कोल्हापूरची वाहनं महर्षींच्या पाठीमागून येऊ लागली. पुतळ्याचा चेहरा आता फक्त समोरच्या लाँड्रीवाल्याला दिसे, आणि तो मान खाली घालून इस्त्री करी.

आण्णांच्या शिवाजी पेठेला एवढं पुरलं. आण्णा कट्ट्यावरून जायला लागले की कुणीतरी हटकून ओरडायचंच, "आण्णा, पाठ मातूर लई ब्येस केलीया!"

आण्णा हसत. घरी आल्यावर मात्र जेवताना बोलत नसत. तोंड करायला त्यांनी चार महिने घातले होते आणि पाठ केली होती दोन दिवसांत.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कातळबंदरहून गणपतराव केळुसकर आले. कातळबंदर म्हणजे घाट उतरून खाली गेलं की समुद्राला टेकलेलं गाव, आणि केळुसकर म्हणजे तिथले निवृत्त मुख्याध्यापक आणि स्मारक कमिटीचे अध्यक्ष. गावाच्या दर्यावर्दी परंपरेची स्मारकं उभारायची असं कमिटीनं ठरवलं होतं. मूळ योजना भव्य होती. दगडी गलबत, मोठा नांगर, छोटा दीपस्तंभ आणि ब्राँझचा खलाशी. कमिटीच्या बैठका होत गेल्या तसं गलबत बुडालं, नांगर उचलला गेला, दीपस्तंभ विझला. खलाशी तेवढा पोहत काठाला लागला.

"पूर्ण पुतळा?" आण्णांनी विचारलं.

"पूर्ण."

"पायासकट?"

"म्हणजे काय! खलाशी पायांशिवाय उभा कसा राहील?"

आण्णांना गुरुजींच्या पायाच पडावंसं वाटलं. पण त्यांनी स्वतःला आवरलं आणि एकच अट घातली. "पुतळ्याचं तोंड लोकांकडं पायजे. बाकी तुमी म्हणशिला तसं."

"अर्थात, अर्थात," गुरुजी म्हणाले. मास्तर लोक पहिला 'अर्थात' ऐकून घेताना उच्चारतात आणि दुसरा विसरून जाताना, हे आण्णांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात तोवर पिंढऱ्या आल्या होत्या.

आता खलाशी कसा दिसतो हा प्रश्न आला. आण्णांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या मते त्यानं काही बिघडत नव्हतं. साखर कारखान्याचे संस्थापकही त्यांनी मेल्यानंतरच केले होते. खलाशाला लागतं काय? छाती, दंड, मांड्या. आणि या वस्तू कोल्हापुरात समुद्राशिवाय मिळतात. आण्णा सरळ तालमीत गेले आणि कृष्णातला घेऊन आले.

कृष्णात शिवाजी पेठेतला नावाजलेला मल्ल. कुस्त्या बहुतेक बरोबरीत सुटायच्या, पण अंग असं की बघणाऱ्यानं रस्ता सोडावा. आण्णांच्या घरामागच्या परड्यात त्याला उभं करण्यात आलं. सुतारानं शिसवी वल्हं करून दिलं होतं. आण्णा म्हणाले, "ह्ये हातात घे आन् दर्या जिकून आल्यागत हुबा ऱ्हा."

जिंकणं म्हटल्यावर कृष्णातला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्यानं वल्हं उचललं, उजव्या खांद्यावर टाकलं, डावा हात कमरेवर ठेवला आणि छाती काढली. तालमीच्या भिंतीवर गदा घेतलेल्या मल्लांचे जे फोटो ओळीनं लागलेले असतात, त्यातला एक फोटो परड्यात येऊन उभा राहिला.

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हललास तर बघ," ते म्हणाले.

वल्हं ही वस्तू पाण्यात घालायची असते, ही गोष्ट त्या क्षणी साऱ्या पेठेत कुणालाच आठवली नाही. पुढे रोज दहावीस माणसं पुतळा बघायला येत आणि माना डोलवून जात. एका वस्तादानं तर "गड्याचा पाय अजून रुंद पायजे, न्हायतर ढाकेचा डाव मारल्यावर जाईल की," अशी सूचना केली आणि आण्णांनी ती मानली. कृष्णातचे दोन्ही कान कुस्तीत मोडून कोबीच्या गड्ड्यासारखे झाले होते. आण्णांनी तेही जसेच्या तसे उतरवले, आणि फार प्रेमानं उतरवले. कोल्हापुरात मोडके कान म्हणजे पदवी असते.

एकट्या महादेवीवहिनींनी शंका काढली. वहिनी म्हणजे आण्णांची बायको, मूळची संकेश्वरकडची, बोलणं मोजकं आणि थेट. कृष्णात परड्यात उभा असायचा आणि त्याच्या समोरच स्वयंपाकघराचं दार. वहिनी चुलीवर भाकरी टाकायला लागल्या की त्याचे डोळे आपोआप तिकडे लागत.

"अवो," एके दिवशी वहिनी पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो निघालाय का आलाय?"

"म्हंजी?"

"समुद्रावर निघालेला वाटंना मला. तोंडावरनं तर जेवायला घरी आल्यागत दिसतोय."

"तुला कळतंय काय त्यातलं," आण्णा म्हणाले.

"मला भुकेलेलं तोंड कळतंय," वहिनी म्हणाल्या आणि कृष्णातला हाक मारली, "ये रं, गिळून घे आदी."

मधे एकदा गुरुजी काम बघायला आले. आण्णांनी पुतळा पायांपासून सुरू केला होता. एवढ्या वर्षांची भूक. त्यांना दम निघाला नव्हता. गुरुजी आले तेव्हा कमरेपर्यंत माती चढलेली आणि वर नुसता लोखंडी सांगाडा ओल्या पोत्यात गुंडाळलेला. गुरुजींनी चष्मा पुसून पाय निरखले. बोटं पसरलेली, घोटे घट्ट, पिंढऱ्या ताणलेल्या.

"वा! पाय अगदी खलाशाचे," ते म्हणाले. वहिनींच्या हातची खपली गव्हाची खीर खाऊन, निम्म्या पुतळ्याला संपूर्ण मंजुरी देऊन, दुपारच्या गाडीनं ते घाट उतरून गेले.

ओतकाम उद्यमनगरात झालं. नारळी पौर्णिमेला अनावरण ठरलं होतं. आदल्या दिवशी पहाटे पुतळा ट्रकवर चढला आणि पेठेनं त्याला असा कसा जाऊ द्यावा? हलगी आली, घुमकं आलं, गुलाल आला. खांद्यावर वल्हं घेतलेला ब्राँझचा कृष्णात पुढच्या ट्रकवर आणि हाडामांसाचा कृष्णात मागच्या टेम्पोत, फेटा बांधून. लोक दोघांनाही हार घालत होते. "कुठली कुस्ती मारली रं?" असं एका म्हातारीनं विचारलं. "समुद्राची!" असं उत्तर गर्दीतून आलं. दर्याला आव्हान द्यायला एवढा मोठा लवाजमा घाटावरून पूर्वी कधी निघाला नसेल.

गगनबावड्याच्या घाटात धुकं होतं. खाली उतरताना ब्राँझच्या कृष्णातला काही झालं नाही. हाडामांसाच्या कृष्णातला प्रत्येक वळणावर टेम्पो थांबवावा लागला.

कातळबंदरला पोचले तेव्हा चार वाजले होते. आण्णा उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला पुढे गेले. ओहोटी होती. लांबवर चिखल, त्यात कलंडलेल्या चार होड्या, आणि त्याच्याही पलीकडे पाण्याची एक करडी रेघ. "एवढाच व्हय?" आण्णा म्हणाले. "सकाळी येतो परत," कुणीतरी सांगितलं.

जेटीच्या तोंडाशी चौथरा होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, एसटी स्टँड आणि गाव. अर्धं गाव जमलं होतं. क्रेन तयार होती. ताडपत्री निघाली आणि सगळे पुढे सरकले.

"हो कोण?" एक जण म्हणाला.

"पैलवान दिसता."

"कानांक काय झालां तेच्या?"

सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांना वाटलं, या प्रश्नाचं उत्तर तरी आपल्याला देता येईल. "खाऱ्या वाऱ्यानं," ते म्हणाले.

गावानं एकमेकांचे कान पाहिले. साऱ्यांचे कान जागच्या जागी होते.

गुरुजी पुढे झाले. चेहरा दहावीचा निकाल वाचताना व्हावा तसा झाला होता. "तोडकर, वल्हं खांद्यावर का आहे?"

"हुबा हाय न्हवं का त्यो."

"वल्हं पाण्यात असतं हो! खांद्यावर गदा असते, नांगर असतो, वल्हं नसतं. आणि हा हसतोय कशाला? समोर खवळलेला दर्या आहे!"

"दर्या कुठला समोर?" आण्णा म्हणाले. "समोर तर गाव येणार. तोंड लोकांकडं, असं ठरलंय आपलं."

"खलाशाचं तोंड समुद्राकडेच असतं!" गुरुजींचा आवाज चढला. "एसटी स्टँडकडे तोंड करून खलाशी जाणार कुठे? उद्या मंत्री येणार आहेत. आता दुसरा पुतळा काही मिळायचा नाही. निदान तोंड तरी समुद्राकडे करा. म्हणजे मागून कान तेवढे दिसतील, बाकी झाकून जाईल."

क्रेनवाल्यानं इंजिन सुरू केलं. पुतळा हवेत उचलला गेला आणि हळूहळू समुद्राकडे वळायला लागला. गावाच्या बाजूला त्याची पाठ येऊ लागली. रुंद, गुळगुळीत, दोन दिवसांत केलेली पाठ.

आण्णांच्या कानात साऱ्या शिवाजी पेठेचा कट्टा एका सुरात ओरडला. यापुढे या गावातले लोक पन्नास वर्षं ही पाठ बघणार. चेहरा बघायला होडी काढून खोल पाण्यात जावं लागणार, आणि तिथून वळून पुतळा कोण बघतो? आण्णांना आणखी पंधरा वर्षं काम झालं असतं, पण तिसरा पूर्ण पुतळा कुणी देईल अशी आशा नव्हती. ज्याचे दोन पुतळे पाठीनं ओळखले जातात त्याच्याकडे संस्थापकसुद्धा येत नाहीत.

"थांबीव!" आण्णा ओरडले. क्रेन थांबली. खलाशी दोरखंडाला लोंबकळत राहिला, धड समुद्राकडे नाही, धड गावाकडे नाही.

झोक्यासरशी तो जरा गावाकडे फिरला. आण्णांनी वर बघितलं. परड्यातून भाकरीकडे लागलेले ते डोळे आता बाजारपेठेच्या वरून, कौलांच्या वरून, घराघरांतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते. आणि वहिनींचं बोलणं आण्णांना आठवलं. बायकोचं म्हणणं स्वतःच्या नावावर सांगायला पुरुषाला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यांना लागला.

"गुरुजी," ते म्हणाले, "जायला काय, कोण पण जातंय. होडी ढकलली की गेला. त्याचा पुतळा कशाला पायजे? ह्यो जाणारा न्हाय. ह्यो आलेला हाय!"

"कुठून आलेला?"

"समुद्रावरनं! दर्या मारून, वाऱ्याशी झुंजून, जित्ता परत आलेला माणूस हाय ह्यो. काम चालू हाय तवर वल्हं पाण्यात. काम झालं की खांद्यावर. तुमच्याकडं माणूस घरला येताना वल्हं पाण्यातच टाकून येतोय व्हय? आन् हसतोय कशाला म्हणता? घर दिसाय लागलंय त्याला! चुलीवर भाकरी हाय, दारात बायको हाय. हसू नगं तर काय रडू?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षांत कुणा विद्यार्थ्यानं त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं.

मासळीच्या टोपल्या घेऊन बायका बाजूला उभ्या होत्या. त्यातली चिमणाबाई पुढे आली. गावातली सगळ्यांत जुनी मासळीवाली, हातात अजून कोयता. तिनं पुतळ्याकडे मान वर करून बराच वेळ बघितलं.

"परत इलो हा तो?" तिनं विचारलं.

"व्हय आक्का."

"मगे तोंड हयसर करा." तिनं कोयत्यानं गाव दाखवलं. "आमी बायकांनी जल्मभर जाणाऱ्यांची पाठच बघलीव. एकाचा तरी तोंड दिसांदे."

मग एका बाईनं "होय तर!" म्हटलं. दुसरीनं म्हटलं. गुरुजींच्या सौभाग्यवती बायकांच्या घोळक्यातच होत्या; त्यांनीही म्हटलं, आणि तिथे कमिटीचा ठराव झाला.

"पण बोल्ट समुद्राच्या बाजूनं बसवलेत," गुरुजींनी शेवटची खिंड लढवली.

"बैठक चौरस हाय," आण्णा म्हणाले. "कुठं पण फिरवा, बसतीया." वन-वेनंतर त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, यापुढे पुतळ्याची बैठक चारी बाजूंना सारखी.

खलाशी फिरला. गावाकडे तोंड करून, पाठीमागे अख्खा समुद्र टाकून, चौथऱ्यावर टेकला. बोल्ट असे बसले की क्रेनवाल्यानं टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. भरती आली होती आणि समुद्र आण्णांना आता बऱ्यापैकी मोठा वाटला. होड्यांवर पताका, घाटावरची हलगी, कोकणातला ढोल. दोघांचं आधी जमेना, मग जमलं ते कुणाला थांबवेना. मंत्र्यांनी दोरी ओढली. कपडा पडला आणि जेटीवरच्या सगळ्या होड्यांचे भोंगे एकदम वाजले. गावानं आधी नारळ समुद्राला वाहिला, आणि मग, कुणी न सांगता, बायका एकेक करून पुतळ्याशी आल्या आणि त्याला ओवाळून गेल्या. घरी आलेल्या माणसाला ओवाळतात तसं. गुरुजींनी भाषणात "हा खलाशी जाणारा नाही, हा आलेला आहे" हे वाक्य तीनदा वापरलं, आणि तिसऱ्यांदा तर ते आपल्यालाच सुचलं अशा थाटात. आण्णांनी त्यांना माफ केलं. त्यांनाही ते सुचलेलं नव्हतं.

संध्याकाळी गावानं फेटा बांधलेल्या कृष्णातला होडीतून मिरवायचं काढलं. तो जेटीच्या खांबाला धरून बसला आणि पाच माणसांना सुटला नाही. त्याची ती एकच कुस्ती निकाली झाली.

कोल्हापूरला आण्णा गुलालात न्हाऊन परतले. कट्ट्यावरचा आवाज बदलला. "आण्णा, तोंड लई भारी झालंय म्हणत्यात!" घरी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. आपण काय बोललो तेही शब्दन् शब्द सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या काही वर्षांत किनाऱ्यावरच्या आणखी गावांनी "आलेला खलाशी" मागितला. साचा होताच. दरवेळी गावकरी सांगत, चेहरा अगदी आमच्या गावच्या माणसासारखा हवा, आणि दरवेळी आण्णा "झालंच की" म्हणत. आज कोकणातल्या चार बंदरांवर समुद्राला पाठ दाखवून, मोडके कान घेऊन शिवाजी पेठेतला कृष्णात विजयी मुद्रेनं उभा आहे. खाली संगमरवरावर शिल्पकार म्हणून आण्णांचं नाव आहे. मुलं पुतळ्याशी फोटो काढतात. फोटोत चेहराही येतो आणि समुद्रही.

दोन हजार पाचच्या सुमारास आण्णांनी फाउंड्री वाढवून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नेली. माणसं कमी पडत होती. तेव्हा कातळबंदरची पोरं पुतळ्याची ओळख सांगत आली. मासे आता मोठ्या ट्रॉलरवाले नेत होते आणि गावातल्या होड्या बहुतेक वेळ चिखलात कलंडलेल्याच असायच्या. आण्णांनी सगळ्यांना ठेवून घेतलं. चिमणाबाईचा नातू भट्टीवर आहे. कामाला चांगला आहे, कागलातच खोली घेऊन राहतो.

कातळबंदरहून कोल्हापूरची गाडी रोज सकाळी पुतळ्यासमोरूनच सुटते आणि भरून जाते. संध्याकाळी परत येते ती रिकामी असते.